स्पासेनियाची सही

मोराव्हा नदीच्या काठच्या त्या गावात इस्पितळाला तीन दारं होती. एक आजारी माणसांचं, एक डॉक्टरांचं आणि तिसरं मागच्या अंगाला, कोळशाच्या खोलीला लागून. त्या तिसऱ्या दारानं स्पासेनिया पहिल्यांदा आत गेली तेव्हा तिच्या हातात बादली होती आणि डोक्याला रुमाल. डोंगरातल्या वाडीवरची पोर, चार इयत्ता शिकलेली, त्यातही चौथीचं अर्धं वर्ष मेंढरांमागं गेलेलं. फरशी पुसायला घेतली होती तिला. दोन वर्षांत सगळ्यांच्या ध्यानात आलं, की रेकॉर्ड रूमच्या बाईला जी फाईल तासभर सापडत नाही, ती कुठं आहे ते ह्या फरशीवालीला ठाऊक असतं. त्यात जादू काही नव्हती. खालची फळी पुसायची तर फायली काढाव्या लागतात, आणि काढल्या की परत लावाव्या लागतात. मग बादली दुसरीच्या हातात गेली आणि स्पासेनिया खिडकीमागं बसली. उठली ती एकोणतीस वर्षांनी, पेन्शन लागल्यावर.

सगळं गाव तिला स्पासामावशी म्हणायचं. तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. खिडकी इतकी खाली होती, की उभ्या माणसाला वाकून बोलावं लागे, आणि वाकून बोलणारा माणूस आपोआप काहीतरी नातं लावतो.

लोक यायचे फाईल मागायला आणि विचारायचे भलतंच. डॉक्टरांना विचारायची छाती व्हायची नाही. डॉक्टर घाईत असतात, आणि पांढऱ्या कोटापुढं माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. खिडकीमागं मात्र लोकरीचं जाकीट घातलेली, कॉफी पिणारी बाई. तिला विचारायला काय जातं?

"मावशी, माझेच कागद मला बघता येतात का गं?"

"तुझेच आहेत ना? मग बघ की. हा घे अर्ज. इथं नाव, इथं सही."

"आणि नवऱ्याचे?"

"त्याचे त्यानं बघायचे. तू त्याची बायको आहेस, त्याचं पोट नाहीस."

एक म्हातारा कोट-टोपी चढवूनच खाली उतरला होता. "मला घरी जायचंय. डॉक्टर सोडत नाहीत."

"हे इस्पितळ आहे दादा, लष्कराची छावणी नाही. गेलात तर काय धोका आहे ते सांगतील, ऐकलं म्हणून तुम्ही सही करायची, आणि खुशाल जायचं. पण आधी ऐका तरी. टोपी काढून ऐका."

एकदा एक शाळकरी मुलगी आली, वाकली आणि बोलेचना. नुसती खिडकीच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत राहिली. स्पासेनियानं तिला विचारलं, "पंधरा पुरी झालीत का तुला?" मुलीनं होय म्हटलं. "मग डॉक्टरशी तू एकटी बोलू शकतेस. आईला ह्या खिडकीतून काही कळायचं नाही. आता नाक पूस आणि वर जा. दुसरा मजला, डावीकडं."

एवढं तिला कुठून यायचं? इस्पितळाचे एक वकील होते, वुकाशिन म्हणून, पोटाचे आजारी आणि स्वभावाचे भले. रुग्णांच्या हक्कांची पुस्तिका आली तेव्हा स्पासेनियानं ती अक्षर अक्षर लावत वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर ठेवून दिली. वकिलांना वरच्या मजल्यावरची कॉफी सोसत नसे, ते खाली तिच्याकडं यायचे. कॉफी होईपर्यंत एक पान वाचून दाखवायचे. एका हिवाळ्यात पुस्तिका संपली आणि तिला ती तोंडपाठ झाली. त्यातलं एक तर तिनं आपल्याच शब्दांत करून घेतलं होतं. जोवर माणूस शुद्धीत आहे आणि चमचा आपल्या हातानं तोंडाशी नेतो, तोवर त्याच्या जागी दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. बायकोची नाही, लेकाची नाही, पाद्रीबाबांचीही नाही. चमच्याचं पुस्तिकेत नव्हतं. तो तिचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी पुस्तिकेत नव्हती आणि तिनं कुणाला खिडकीतून सांगितलीही नाही.

त्या गावात वाईट आजाराचं नाव आजाऱ्याला सांगत नसत. अजूनही फारसं सांगत नाहीत. डॉक्टर मुलाला व्हरांड्यात बोलावतो, मुलगा भिंतीकडं बघत ऐकून घेतो, तोंडावरून हात फिरवतो आणि आत येऊन म्हणतो, "काही नाही गं, सूज आहे." पण आजारी माणूस घरी निघाला की कागद मागतोच. म्हणून डॉक्टर दोन कागद लिहीत. एक खरा, फाईलमध्ये राहणारा. दुसरा घरी न्यायचा. त्यात अल्सर असायचा, सूज असायची, नाहीतर नुसता अशक्तपणा. दोन्ही कागद स्पासेनियाच्या हातून जात. खऱ्यावर ती वरच्या उजव्या कोपऱ्यात वहीतला नंबर घालायची. दुसऱ्यावर घालायची नाही, कारण वहीत त्याची नोंदच नसे. शिक्का असे, डॉक्टरांची सही असे, कोपरा तेवढा रिकामा. कोपऱ्याकडं कोण बघतंय!

तिला त्यात कधी वावगं वाटलं नाही. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर कांबळं टाकावं, तसं ते वाटायचं. तिचा नवरा मिलुन, हाडाचा सुतार, त्याच्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा रिकाम्या कोपऱ्याचा कागद तिनं स्वतः घरी नेला होता आणि स्वतः वाचून दाखवला होता. पुढं त्याचं पोट कापलं, पोटावर पिशवी लावली, आणि तो अकरा आठवडे जगला. एकदा म्हणाला, "स्पासो, एवढी सूज असते होय गं?" ती म्हणाली, "असते." आणि तिनं त्याची उशी सारखी केली. त्यानं परत विचारलं नाही. ती दिवसभर खिडकीमागं असायची. पिशवी बदलायचं काम त्यांचा मुलगा स्लाविशा करायचा. तीस वर्षांचा होता तेव्हा, पाणीपुरवठ्यात नोकरीला. दुपारी पाइप जोडायचा आणि संध्याकाळी बापाची पिशवी.

त्याला आता सोळा वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी स्पासेनियाचं वजन उतरायला लागलं. मग रक्त दिसलं. स्लाविशानं तिला गाडीत घातलं आणि तिसऱ्या नाही, पहिल्या दारानं आत नेलं. सहा दिवस ठेवून घेतली. नळी घालून बघितलं, फोटो काढले. सहाव्या दिवशी डॉक्टर पेशिच दारात आले, "कशा आहात मावशी?" म्हणाले आणि स्लाविशाला बाहेर घेऊन गेले. दाराला काच होती. काचेतून तिला लेक दिसत होता. तो भिंतीकडं बघत होता. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला.

आत येऊन तो म्हणाला, "काही नाही आई. सूज आहे."

गाडीत तिनं कागद मागितला. मोठ्या आतड्याची सूज, असं लिहिलं होतं. तिखट नको, तळलेलं नको, महिन्यानं दाखवायला यावं. शिक्का होता, सही होती. वरचा उजवा कोपरा रिकामा होता.

तिनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. आता छातीत काहीतरी हलेल, पोटात खड्डा पडेल, म्हणून तिनं वाट बघितली. गाडी पूल ओलांडून गेली, बाजार गेला, शाळा गेली. काही हललं नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं आतून सगळं झालं होतं. बोट लावलं तर कळत होतं की इथं काहीतरी आहे. एवढंच.

घरी आल्यावर तिनं कागद टेबलक्लॉथच्या खणात टाकला आणि बटाटे सोलायला बसली.

पुढचे पाच आठवडे लोक तिच्याशी फार चांगले वागले. एवढ्यावरूनच तिची खात्री पटली असती. शेजारीण वाटी परत देताना भरून द्यायला लागली. व्हिएन्नातली भाची, जी नाताळलाही फोन करत नसे, तिनं दोनदा केला. फाटकाची बिजागरी नऊ वर्षं करकरत होती. स्लाविशा एका संध्याकाळी तेलाची कुपी घेऊन आला आणि बघता बघता बिजागरी गप्प झाली. सून नेवेन्का तर दुसऱ्यांदा घेवडा वाढून घ्यायला लागली.

"माझा घेवडा तुला आवडायला लागला?" स्पासेनियानं विचारलं.

"आवडायचाच की, आई."

"अठरा वर्षं बरं लपवलंस."

नेवेन्का हसली आणि उठून ताटं विसळायला गेली. नळ बराच वेळ चालू राहिला.

स्पासेनियानं विचारलं नाही. हा खेळ कसा खेळतात ते तिला ठाऊक होतं. विचारलं की लेकाला खोटं बोलावं लागणार, आणि स्लाविशाला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. सकाळी उठावं, स्टोव्ह पेटवावा, कोंबड्यांना घालावं, दुपारी पडावं. रक्त आलं की कापड धुवावं. दिवस जात होते. ती त्यांच्याकडं बस जाताना बघावी तसं बघत होती.

एका शनिवारी ल्युबिंका आली. गल्लीच्या टोकाची, गडगडाटी आवाजाची बाई. लोक अजूनही स्पासेनियाकडं असे यायचे. खिडकी सुटली तरी विचारणारे सुटले नव्हते.

"माझा भाऊ इस्पितळात ॲडमिट आहे," कॉफी पुढ्यात आल्या आल्या ल्युबिंका म्हणाली. "पित्ताशय काढायचंय. आणि वहिनी म्हणते, कागदावर मी सही करते, तो भित्रा आहे, वाचलं तर पळून जाईल. असं चालतं का गं?"

"शुद्धीत आहे ना?"

"शुद्धीत? काल नर्सला लग्नाचं विचारत होता."

"मग त्यानंच करायची सही. चमचा हातानं धरतो तोवर दुसऱ्याची चालत नाही. बायकोची नाही, लेकाची..."

बोलता बोलता ती थांबली. ल्युबिंकानं मान खाली घातली आणि कपातल्या गाळाकडं बघायला लागली. कॉफीच्या गाळात भविष्य बघणाऱ्यातली ती नव्हती. म्हणजे हिलाही माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. फक्त जिचं पोट आहे तिलाच रीतसर कळवायचं राहिलंय.

"अजून साखर देऊ?" स्पासेनिया म्हणाली.

"नको गं," ल्युबिंका इतक्या हळू म्हणाली, की तो तिचा आवाज वाटेना.

सोमवारी सकाळी स्पासेनियानं चांगला कोट घातला आणि इस्पितळात गेली. खिडकीमागं बिसेर्का होती. तिला कामाला लावली होती ती स्पासेनियानंच.

"अगं बाई, मावशी! ये आत, कॉफी टाकते."

"कॉफी नको. अर्ज दे."

"कुणाची फाईल हवी?"

"माझी."

बिसेर्काचा हात पेनावर गेला आणि तिथंच राहिला. "मावशी... थांब हं, मी डॉक्टरांना विचारून येते."

"डॉक्टरांना काय विचारायचंय? डॉक्टरांची फाईल मागितली का मी?"

"तसं नाही गं. स्लाविशा म्हणून गेलाय की..."

"स्लाविशा काय म्हणाला ते त्याच्या फाईलीत लाव. तुला मी काय शिकवलं होतं? माणूस स्वतः आला, स्वतःचं मागतोय, सही करतोय. मग?"

"मग द्यायची," बिसेर्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. स्पासेनिया तिचे डोळे बघत उभी राहिली. हिला जे होतंय ते आपल्याला व्हायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि तेही एखाद्या तिऱ्हाइताबद्दल यावं तसं आलं.

फाईल आली. दोरी भलतीकडंच बांधली होती. तिनं ती सोडली. पहिलाच कागद खरा होता. कोपऱ्यात नंबर. नंबराखाली आजाराचं लॅटिन नाव, ते तिला वाचता येत नव्हतं, पण नावाआधी जे अक्षर असतं ते येत होतं. 'के' असेल तर पोटाच्या साध्या तक्रारी. इथं 'सी' होतं. 'सी'च्या, म्हणजे वाईट आजाराच्या, फायली तिनं एकोणतीस वर्षं एकाच भिंतीला लावल्या होत्या.

बरं, म्हणजे हे तर माहीतच होतं. तिनं पान उलटलं.

दुसरा कागद छापील होता, आपल्या भाषेत, म्हणून तिला तो लावत लावत वाचता आला. गाठ काढता येण्याजोगी आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. न केल्यास काय होईल ते समजावून सांगितले आहे. रुग्ण शस्त्रक्रियेस नकार देत आहे. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. खाली ओळ, ओळीखाली बारीक छापलेलं, 'रुग्णाची सही'. आणि ओळीवर स्लाविशा. पहिलीत गिरवलेलं पहिलं अक्षर जसं शेपूट ओढून काढायचा, तसंच अजून काढलं होतं.

ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. गाठ काढता येण्याजोगी आहे. तिनं बोट ठेवून वाचलं, कारण दोनदा वाचूनही ते वाक्य आत जात नव्हतं.

"ह्याला नंबर कुणी घातला?"

"मी," बिसेर्का म्हणाली.

"सही बघितली नाहीस?"

"बघितली गं. पण त्याचं तोंड बघितलं असतंस तर तूही घातला असतास. म्हणाला, आईला बाबांसारखं होऊ देणार नाही."

मिलुनची फाईल ह्याच खोलीत होती, आणि त्यातल्या संमतीच्या कागदावर, रुग्णाच्या ओळीवर, तिची स्वतःची सही होती. मिलुन तेव्हा शुद्धीत होता. चमचाच काय, रंधा हातात धरत होता. तिनं त्याला न विचारता हो म्हटलं. लेकानं तिला न विचारता नाही म्हटलं. चमच्याचा नियम तिनं मिलुन गेल्यानंतर काढला, आणि पुढची कितीतरी वर्षं गावाला ऐकवला. कुणी विचारलं नाही की मावशी, हे तुला कसं सुचलं.

"ही प्रत काढून दे," ती म्हणाली. "आणि दोरी नीट बांध."

डॉक्टर पेशिच तपासण्या आटपून नुकतेच बसले होते. तिच्या हातातला कागद बघून ते उठून उभे राहिले. चाळिशीचा माणूस, कानशिलं पिकलेली.

"बसा मावशी."

"बसते. ही सही माझी नाही."

"नाही," ते म्हणाले.

"मग मी 'नाही' म्हटलेलंच नाही. बरोबर ना?"

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. "स्लाविशा म्हणाला की तुमची इच्छा नाही. मी तुम्हाला विचारायला हवं होतं. इथं असंच चालत आलंय, आणि मीही तसंच चालवलं. माझी चूक आहे."

"चूक कुणाची ते नंतर बघू. व्हरांड्यात त्याला जे सांगितलंस ते मला सांग. तेवढंच, कमी नको आणि गोडही नको."

त्यांनी सांगितलं. कागदावर आतड्याचं चित्र काढलं, त्यात गाठ रंगवली. कुठून कापायचं ते दाखवलं. दहाजणांचं असं कापलं तर पाच-सहाजण पुढं बरीच वर्षं काढतात. चारपाचजण नाही. पिशवी लागेल; काही महिन्यांनी निघेल, नाहीतर कायमची राहील, ते पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही. काहीच केलं नाही तर वर्षभर, कमीजास्त, आणि शेवटचे महिने वाईट. बोलताना ते तिच्याकडं बघत नव्हते, आतड्याकडं बघत होते.

"पिशवी आपली आपल्याला बदलता येते?"

"येते. शिकवतो आम्ही."

"मिलुनला येत नव्हती."

"त्यांची गाठ फार पुढं गेली होती, मावशी. जुनी फाईल मी बघितली. तुमची तशी नव्हती." मग जरा थांबून म्हणाले, "पाच आठवड्यांपूर्वी नव्हती. आता परत फोटो काढल्याशिवाय मी शब्द देणार नाही."

"काढ मग."

"तुम्ही तक्रार करू शकता. नगरपालिकेत..."

"हक्कांचा सल्लागार बसतो, दुसरा मजला, जिन्याशेजारी. मी धाडलेत त्याच्याकडं लोक." तिनं पर्स उघडली, बंद केली. "स्लाविशाला काही होईल का? ह्या सहीपायी?"

"त्याला कशाला होईल? कागद त्याच्यापुढं ठेवला मी. झालं तर मला होईल."

"मग फोटो बघून ठरवते."

फोटो गुरुवारी निघाला. गुरुवार ते शुक्रवार तिनं कोंबड्यांचं खुराडं साफ केलं, दोन पडदे धुतले आणि त्यातलं तिला नंतर काही आठवलं नाही. शुक्रवारी दुपारी डॉक्टरांनी स्वतः फोन केला. तिलाच, लेकाला नाही. गाठ थोडी वाढली होती. अजून काढता येत होती, पण लवकर. मंगळवारी घेऊ, म्हणाले.

"मंगळवार अपशकुनी, त्या दिवशी माणूस कापडाला साधा टाकासुद्धा घालत नाही," ती म्हणाली. "बुधवारी घे."

संध्याकाळी स्लाविशा आला. आता कशाला तेल घालावं म्हणून घरभर बघत होता. हातात पक्कड होती. तिनं त्याला टेबलाशी बसवलं आणि कागदाची प्रत त्याच्यापुढं ठेवली. त्याचे कान लाल झाले. मग पांढरे झाले.

"कुणी दिलं तुला हे?"

"मी मागितलं. माझंच आहे."

मग पक्कड टेबलावर आपटलीच त्यानं. "तू नव्हतीस तिथं! तू ड्युटीवर असायचीस. बाबा पिशवीकडं बघायचे नाहीत म्हणून भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि मी बदलायचो. अकरा आठवडे. त्यांना कुणी विचारलं होतं? मी म्हटलं, आईला तरी त्यातून नेणार नाही. कापणार नाही, टोचणार नाही. घरी राहील, खाईल, पिईल..."

"नेवेन्काचं खोटं कौतुक ऐकेल."

"चेष्टा नको ना आई."

"बाबांना मी विचारलं नाही," ती म्हणाली. "ते मी केलं. तू माझंच बघून शिकलास. पण तू जे वाचवायला गेलास ते राहू दे, आणि हे वाच." तिनं बोट ठेवलं. "काढता येण्याजोगी आहे, असं लिहिलंय. हे तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"आणि तू नाही म्हणालास."

"दहातले पाच म्हणाले ते. मला फक्त उरलेले पाच दिसत होते. त्या सगळ्यांचं तोंड बाबांसारखं होतं." आणि तो रडायला लागला, टेबलावर डोकं ठेवून, सेहेचाळीस वर्षांचा माणूस. टाळूवर केस विरळ झाले होते त्याचे. पाच आठवड्यांत तिच्याइतकाच तोही वाळला होता. ते तिला आत्ता दिसलं. तिनं त्या विरळ जागेवर हात ठेवला. हाताला ऊब लागली. ऊब मनगटापर्यंत आली आणि थांबली.

"रडून घे," ती म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाहीये. दोघांचं तूच उरक."

"तुला राग आलाय?"

"यायला हवा. आला की सांगते."

त्यानं नाक पुसलं. "काय ठरवलंस?"

"बुधवारी."

"आणि बाबांसारखं झालं तर?"

"झालं तर झालं. भिंतीकडं तोंड करून पडायचं की नाही, तेही मीच ठरवीन."

स्लाविशा उठला. जाताना पक्कड विसरून गेला.

मंगळवारी तिला भरती करून घेतलं. चार खाटांची खोली होती. बाकीच्या दोघी झोपल्या होत्या, तिसरी बिस्कीट खात सगळं ऐकत होती. बुधवारी सकाळी सातला एक नवीनच नर्स संमतीपत्र घेऊन आली. खाटेजवळ स्लाविशा उभा होता. नर्सनं एकदा खाटेवरच्या बाईकडं पाहिलं, एकदा उभ्या माणसाकडं, आणि कागद-पेन माणसापुढं धरलं. "मुलगा ना तुम्ही? इथं खाली सही करा, घाई आहे."

स्लाविशानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"आईला द्या," तो म्हणाला.

"आजींना वाचता येईल का?"

"हळू येतं," स्पासेनिया म्हणाली. "तू जा, दुसरं काम कर, आणि परत ये."

नर्स गेली नाही, उभी राहिली. स्पासेनियानं चष्मा लावला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. दोन शब्द अडले, ते नर्सला विचारले. नर्सला त्यातला एकच माहीत होता, म्हणून ती डॉक्टरांना विचारून आली. बिस्कीटवाली बाई उठून बसली होती. खाली एक ओळ होती, माझ्या प्रकृतीची माहिती कुणाला द्यावी. तिनं तिथं स्लाविशाचं नाव घातलं आणि नर्सला म्हणाली, "ह्याच्यापुढं लिही, आधी मला."

"असं लिहायला जागा नाही, आजी."

"मग समासात लिही."

नर्सनं समासात लिहिलं. मग स्पासेनियानं सही केली. तिच्या लिपीतली नऊ अक्षरं, एकेक सुटं, शाळेत काढायची तसंच. आता तरी काही वाटेल म्हणून ती क्षणभर थांबली. पोटात भूक होती, रात्रीपासून पाणीसुद्धा नव्हतं. दुसरं काही नव्हतं.

तिनं कागद नर्सला दिला, चष्मा काढून स्लाविशाच्या खिशात घातला आणि विचारलं, "आता मी कुठं जायचं?"

"कुठं नाही. पडून राहायचं. आम्ही नेतो."

स्पासेनिया पडून राहिली. तोंड दाराकडं होतं.